रिकॉलचं पत्र जुन्या मालकाकडे गेलं, आता आम्ही काय करायचं?

प्रश्न:

नमस्कार दादा,

आम्ही चिपळूणला राहतो. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून 2018 ची पेट्रोल गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर झाली आहे. मुलगी कराडला शिकते, त्यामुळे दर पंधरवड्याला कुंभार्ली घाट ठरलेला. गेल्या महिन्यात घाटात, ऐन धुक्यात, चढावर गाडी एकाएकी बंद पडली. मागे ट्रक, आणि मागच्या सीटवर सासूबाई. दहा मिनिटांनी सेल्फ मारल्यावर चालू झाली. इथल्या मेकॅनिकने कचरा असेल म्हणून थ्रॉटल बॉडी साफ केली, प्लग बदलले, अठराशे रुपये घेतले. मग भाच्याने कंपनीच्या साइटवर नंबर टाकून पाहिला, तर फ्युएल पंपाचा रिकॉल निघाला, म्हणजे सदोष पंप बदलायला कंपनीने गाडी परत बोलावलेली, तोही दीड वर्षापूर्वीचा. आम्हाला ना फोन, ना पत्र.

सर्व्हिस सेंटरला गेलो तर म्हणाले, तुम्ही पहिले मालक नाही, सर्व्हिसिंगही बाहेर केलंय, बघावं लागेल. पार्ट स्टॉकला नाही, महिना-दोन महिने लागतील. आणि आला तरी लेबर द्यावं लागेल. मेकॅनिक म्हणतो, बाहेरचा पंप टाकून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. यजमान म्हणतात, कटकट नको, पावसाळा संपला की विकून टाकू, रिकॉलचं कुणाला कशाला सांगायचं? मला ते पटत नाही, पण करायचं काय ते सुचत नाही. माझ्या भावाकडे मालवणला 2013 ची जुनी गाडी आहे. तिचंही काही बघायला हवं का?

– एक वाचक, चिपळूण

उत्तर:

ताई,

बाकीचं सगळं सविस्तर सांगतो, पण आधी एक ऐका. पंप बदलून होईपर्यंत ही गाडी कुंभार्लीत घालू नका. मुलीला या पंधरवड्याला एसटीने येऊ दे, नाहीतर तुम्ही एसटीने जा. सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्यांना जो वेळ लागायचा तो लागेल. तोवर त्या चढावर, धुक्यात, मागे भरलेला ट्रक असताना पुन्हा तीच वेळ तुमच्यावर यायला नको.

गाडी दहा मिनिटांनी चालू झाली म्हणून दुखणं गेलं असं समजू नका. मी सत्तावीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली बरीचशी सर्व्हिस ॲडव्हायझरच्या टेबलामागे. "गरम झाली की बंद पडते, गार झाली की चालू होते" असं सांगत कुणी आलं की आम्ही आधी दोन गोष्टी बघायचो: क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचं फिरणं मोजणारा सेन्सर, आणि फ्युएल पंप. तुमच्या गाडीला तर पंपाचाच रिकॉल लागलेला आहे, तेव्हा अंदाज बांधत बसायची गरज नाही.

हा पंप पेट्रोलच्या टाकीत, पेट्रोलमध्येच बुडलेला असतो. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटची गादी उचलली की खाली त्याचं झाकण दिसतं. आत एक छोटी मोटर असते आणि तिच्यावर प्लास्टिकची चकती, जुन्या मोठ्या रुपयाएवढी, कडेने बारीक दाते असलेली. ती गरगर फिरते आणि पेट्रोल इंजिनाकडे ढकलते. चकती आणि तिच्या घराची भिंत यांच्यात फट अगदी नावाला असते. गेल्या काही वर्षांत जगभर ज्या पंपांमुळे लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यांतला दोष या चकतीत होता. प्लास्टिक हवं तितकं घट्ट उतरलं नाही, की ते पेट्रोल शोषून घेतं, फुगतं, वाकतं आणि भिंतीला घासू लागतं. घासता घासता एक दिवस अडकतं. पंप थांबला की पेट्रोल थांबलं, आणि पेट्रोल थांबलं की इंजिन बंद.

असा एक काढलेला पंप आमच्या मेकॅनिकने एकदा खोलून ट्रेमध्ये ठेवला होता. चकती हातात घेऊन पाहिली, मला तर काहीच वावगं दिसेना. मग त्याने तिच्या घरात बॅटरीचा उजेड टाकला. आतल्या भिंतीवर एका बाजूला, चंद्रकोरीसारखा, घासून चकचकीत झालेला पट्टा होता. नखाच्या कडेएवढा. तेवढ्यावर एका कुटुंबाची गाडी हायवेवर मधल्या लेनमध्ये उभी राहिली होती. म्हणून तुमच्या मेकॅनिकला मी दोष देत नाही. बाहेरून त्याला हे कळणं शक्यच नव्हतं. पण थ्रॉटल बॉडी साफ करून किंवा प्लग बदलून हे जाणारही नाही.

तुमची गाडी कुठल्या कंपनीची ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सल्ला देण्यासाठी मला ते लागतही नाही. हा आजार एका कंपनीचा नाही. होंडाने भारतात फ्युएल पंपासाठी जून 2020 मध्ये 65,651 गाड्या बोलावल्या, एप्रिल 2021 मध्ये 77,954 आणि ऑक्टोबर 2024 मध्ये 92,672. मारुतीने जुलै 2020 मध्ये वॅगनआर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या पंपासाठीच बोलावल्या होत्या. तेव्हा काउंटरवरचा मुलगा तुमच्याकडे जणू तुम्ही काही विचित्र मागायला आलात असं बघत असेल, तर बघू द्या. हे त्यांचं रोजचं काम आहे.

आता "तुम्ही पहिले मालक नाही" याचं.

रिकॉल लागतो तो चासिस नंबरवर. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमुक लॉटचे पार्ट कुठल्या कुठल्या गाड्यांत बसले, हे कारखान्याच्या नोंदीत असतं. त्यावरून यादी निघते. त्या यादीत गाड्यांचे नंबर असतात. गाडी दोनदा विकली गेली, तिचं सर्व्हिसिंग कुठे झालं, वॉरंटी कधीच संपली, यातल्या कशानेही तो नंबर यादीतून निघत नाही. वॉरंटी आणि रिकॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काउंटरवर त्यांची गल्लत होते, कधी अजाणता, कधी सोयीने. वॉरंटीत तुम्ही गाडी कशी वापरली हे विचारलं जातं. रिकॉलमध्ये कंपनीने स्वतःच मान्य केलेलं असतं की पार्ट मुळातच सदोष होता. त्यात तुमच्या वापराचा प्रश्न येतोच कुठे? म्हणून जाहीर झालेल्या रिकॉलमध्ये पार्टही फुकट आणि लेबरही फुकट. लेबर मागितलं तर शांतपणे सांगा, "मागताय ते इस्टिमेटवर लिहून द्या. रिकॉल क्रमांक घाला आणि पुढे लेबर चार्ज लिहा." बहुतेक वेळा ते इस्टिमेट छापलंच जात नाही.

दुसरंही एक सांगतो, कारण मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेलो आहे. रिकॉलसाठी आलेल्या गाडीला "आलीच आहे तर" म्हणून बरंच काही सुचवलं जातं: इंजेक्टर क्लिनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अलाइनमेंट. त्यातलं काही खरंच लागत असेल, पण त्या दिवशी करू नका. त्या दिवशीच्या जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटर गाडीचं काम नोंदवतं त्या कागदावर, फक्त रिकॉलचं काम असू द्या. कागद स्वच्छ राहतो, आणि पुढे काही वाद झाला तर तो कागद कामाला येतो.

पत्र का आलं नाही, हेही समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी चुकणार नाही. कंपनी पत्र पाठवते किंवा फोन करते ते विक्रीच्या वेळी नोंदलेल्या नावावर. आमच्या वर्कशॉपमध्ये टेबलाच्या खालच्या खणात परत आलेल्या पाकिटांचा एक गठ्ठा असायचा, रबरबँड लावलेला. पाकिटांवर पोस्टमनचे शेरे: "घर बंद", "पत्ता बदलला", "सदर इसम येथे राहत नाही". ते पाकीट आमच्या खणात होतं तेव्हा ती गाडी कुठेतरी रस्त्यावर धावत होती, आणि आत बसलेल्यांना कशाचीच कल्पना नव्हती. मला तो गठ्ठा आजही आठवतो. वर्षभरात त्यातल्या फार थोड्या पाकिटांचा आम्ही पाठपुरावा केला, आणि ते बरोबर नव्हतं. आरटीओत आरसी तुमच्या नावावर झाली तरी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये मालक बदलत नाही. तो तुम्हाला बदलून घ्यावा लागतो. उद्याच आरसीची झेरॉक्स घेऊन जा किंवा कस्टमर केअरला फोन करा, आणि तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नोंदवून घ्या.

आता मुख्य काम. तुमच्याकडे आजच्या घडीला लिहिलेलं काहीच नाही. जे झालं ते सगळं तोंडी. "पार्ट नाही", "बघावं लागेल", "लेबर लागेल" हे तुम्हाला कुणी, कधी सांगितलं, याचा एकही कागद नाही. तो आधी तयार करा. भाच्याने ज्या पानावर रिकॉल पाहिला, त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. मग सर्व्हिस सेंटरला जाऊन जॉब कार्ड उघडायला सांगा. पार्ट नसला तरी उघडता येतं. त्यावर हे वाक्य लिहून घ्या: "ग्राहकाने फ्युएल पंप रिकॉलसाठी गाडी आणली. घाटात चालत्या गाडीत इंजिन बंद पडल्याची तक्रार. पार्ट उपलब्ध नाही. पार्ट येण्याची अंदाजे तारीख अमुक." खाली सही, शिक्का. यातलं "चालत्या गाडीत इंजिन बंद पडल्याची तक्रार" सोडू नका. यादीतल्या सगळ्याच गाड्यांत पंप बिघडलेला नसतो, बऱ्याच नुसत्या खबरदारीसाठी बोलावलेल्या असतात. तुमच्या गाडीत तो बिघडल्याची लक्षणं दिसली आहेत. ती कागदावर आली की पार्टच्या मागणीत तुमची गाडी वर सरकते, निदान सरकायला हवी.

त्याच दिवशी संध्याकाळी सर्व्हिस मॅनेजर आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकच ईमेल पाठवा. फार लांब नको. गाडीचा नंबर, चासिस नंबर, कधी आणि कुठे बंद पडली, कोणत्या तारखेला सेंटरला गेलात, काय उत्तर मिळालं. शेवटी तीन मागण्या: पार्टची तारीख, काम पूर्ण मोफत होणार याची लेखी खात्री, आणि तोवर गाडी चालवणं सुरक्षित आहे की नाही याचं स्पष्ट उत्तर. तिसरी मागणी फार कामाची आहे. "बिनधास्त चालवा" असं लिहून द्यायला कुणी धजावत नाही. आणि चालवू नका असं सांगितलं, तर गाडी उचलून न्यायची आणि पर्यायी गाडीची सोय करायची मागणी तुम्ही पुढे करू शकता. मिळेलच असं नाही, पण मागा. अठराशे रुपयांची पावतीही जोडा आणि परतफेड मागून बघा. त्याचा फार भरवसा मी देणार नाही.

कंपनी काय सांगते ते नीट वाचायचं असतं, कारण रिकॉल रिकॉलमध्ये फरक असतो. जानेवारी 2023 मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी 17,362 गाड्या बोलावल्या, तेव्हा पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं ग्राहकांना सांगितलं होतं. सप्टेंबर 2021 मध्ये त्याच कंपनीने मोटर जनरेटर युनिटसाठी 1,81,754 पेट्रोल गाड्या बोलावल्या, आणि तेव्हा सूचना वेगळी होती: दुरुस्ती होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका. त्याच वर्षी 22 जुलैला चिपळूणच्या बाजारपेठेत किती पाणी होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. अशी ओळ एखाद्या कोरड्या गावात कुणी वाचून सोडून देईल, तुमच्याकडे तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची ठरते. म्हणून तुमच्या रिकॉलचा मूळ मजकूर मागून घ्या आणि "तोपर्यंत काय करावं" हा भाग शोधा.

पंधरा दिवसांत धड उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर फोन करा. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. एवढ्यावर बरीच प्रकरणं मिटतात, कारण तक्रार थेट कंपनीच्या मुख्य कार्यालयात जाते आणि तिथून डीलरला फोन येतो. नाहीच मिटलं तर रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, डीलर पुण्याचा असो की मुंबईचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची. पण मला वाटतं तुम्हाला तिथवर जावं लागणार नाही.

रिकॉलचा कायदाही आहे, तो थोडक्यात सांगतो, कारण काउंटरवर कुणीतरी त्याचा अर्धवट आधार घेईल. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या संघटनेने, सियामने, 2012 पासून स्वेच्छेने रिकॉल करायची पद्धत सुरू केली. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आलं आणि सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. त्यात दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे, आणि सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर गाडीमालकांना दोषाची तक्रार नोंदवायची सोयही आहे. एकाच मॉडेलबद्दल ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी लागते. मात्र हे नियम गाडी बनून सात वर्षं व्हायच्या आतल्या गाड्यांना आहेत. "तुमची गाडी 2018 ची, सात वर्षं उलटली, आता काही होत नाही" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. ती अट सरकारी आदेशाच्या रिकॉलला आहे. तुमच्या गाडीचा रिकॉल कंपनीने स्वतःहून जाहीर केलेला आहे आणि तिचा नंबर आजही त्यात दिसतो आहे. त्यांनी जे जाहीर केलं तेच तुम्ही मागताय.

बाहेरच्या पंपाचं सांगतो. टाकू नका. तुमचा मेकॅनिक प्रामाणिक असेल, हातही चांगला असेल, पण त्याला मिळणारा पंप कुठल्या लॉटचा आहे हे तो सांगू शकणार नाही. ही भीती उगाच नाही. ऑक्टोबर 2024 च्या होंडाच्या रिकॉलमध्ये 2,204 गाड्या अशा होत्या की ज्यांना कारखान्यातून हा पंप आलाच नव्हता. नंतर कधीतरी स्पेअर पार्ट म्हणून तो बसवला गेला होता. सदोष पार्ट असाही हिंडतो. शिवाय टाकीचं झाकण उघडून बंद करताना सील नीट बसलं नाही तर सीटखाली पेट्रोलचा वास, आणि पुढे आगीची भीती. आणि तुम्ही बाहेरचा पंप बसवलात की रिकॉलच्या कामात हे लोक नवा फाटा फोडणार: आमचा पार्टच गाडीत नाही, तर बदलायचं काय?

गावातल्या गावात गाडी वापरावीच लागली तर टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. पेट्रोलमध्ये बुडलेला पंप गार राहतो. याने दोष जात नाही, त्याच्यावरचा ताण थोडा कमी होतो इतकंच. आणि यजमानांना एवढं नक्की सांगून ठेवा: चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर किल्ली पूर्ण बंदकडे फिरवायची नाही आणि काढायची तर मुळीच नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. चारही इंडिकेटर लावायचे. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायचा-सोडायचा नाही, कारण इंजिन बंद झाल्यावर ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. एकदाच, घट्ट दाबून गाडी डाव्या कडेला घ्यायची. स्टिअरिंग जड वाटलं तर जोर लावायचा, ते वळतं. थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा, माणसं आधी उतरवायची, रस्त्याच्या बाहेर उभी करायची, आणि लाल त्रिकोण मागे चांगला लांब ठेवायचा. सासूबाईंना गाडीत बसवून ठेवून सेल्फ मारत बसायचं नाही. गेल्या महिन्यात तुम्ही दहा मिनिटं गाडीतच बसला होता असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं. तेव्हापासून तेच डोळ्यांसमोर आहे.

विकायच्या विचाराबद्दल. तुमच्या मनाला जे पटत नाही ते बरोबरच आहे, आणि यजमानांशी बोलताना कच खाऊ नका. तुम्हाला ज्यांनी गाडी विकली, त्यांना रिकॉलचं पत्र आलं असेल. कदाचित ते बघून तुम्हाला फोन करायचं त्यांचं राहूनच गेलं. त्यांच्या एका न केलेल्या फोनमुळे तुम्ही त्या चढावर अडकलात. आता तुम्हाला तर ठाऊकच आहे. ती गाडी घेणारंही कुणाचं तरी घर असेल, त्यांनाही घाट असतील. यजमान कटकटीला कंटाळले आहेत, मनाने वाईट नाहीत, हे मला समजतं. त्यांना व्यवहाराची बाजूही सांगा. आजकाल गाडी घेणारा माणूस घरी बसून मोबाइलवर रिकॉल तपासतो. उघडा रिकॉल दिसला की तो भाव पाडतो नाहीतर उठून जातो. आणि पुढे काही विपरीत घडलं, त्यात तुम्ही माहिती असून लपवल्याचं निघालं, तर ते निस्तरणं साधं नाही. पंप बदलून घ्या, जॉब कार्ड फाइलला लावा, मग ठेवायची की विकायची ते निवांत ठरवा.

भावाच्या गाडीचं तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. ते मला तुमच्या पंपाहून जास्त तातडीचं वाटतं.

टकाटा ही एअरबॅग बनवणारी जपानी कंपनी. बऱ्याच मोठ्या गाडीकंपन्या तिच्या एअरबॅग वापरत. टक्कर झाली की एअरबॅगमागच्या धातूच्या डब्यातलं रसायन पेटतं, त्याच्या वायूने पिशवी फुगते. टकाटाने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागली की त्या रसायनाच्या वड्या खराब होतात आणि पेटताना नको तितक्या जोराने जळतात. मग पिशवी फुगण्याऐवजी डबाच फुटतो आणि धातूचे तुकडे चालकाच्या मानेवर, तोंडावर येतात. जी वस्तू जीव वाचवायला बसवली तिनेच जीव घेतले, तेही कधी कधी किरकोळ टकरीत. एकट्या अमेरिकेत 6 कोटी 70 लाखांच्या आसपास एअरबॅग परत बोलावल्या गेल्या. 2017 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. तिथे बोलावताना अग्रक्रम दिला गेला तो फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट किनाऱ्यावरच्या राज्यांतल्या गाड्यांना. मालवणच्या हवेबद्दल मी वेगळं काय सांगू? समुद्र दाराशी, आणि गाडी बाहेर उन्हात उभी.

भारतातही या एअरबॅगचे रिकॉल निघाले आहेत. जानेवारी 2018 मध्ये होंडाने 2013 साली बनलेल्या 22,834 गाड्या, म्हणजे ॲकॉर्ड, सिटी आणि जॅझ, याच कारणासाठी बोलावल्या. टोयोटासारख्या इतरही कंपन्यांनी बोलावल्या. भावाची गाडी कोणतीही असो, 2013 ची आहे एवढं मला तपासायला पुरेसं आहे. हा दोष डोळ्यांनी दिसत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, गाडी चालवताना काही जाणवत नाही. नंबर तपासणं हा एकच मार्ग. आणि यादीत निघाली तर तिथेही हाच नियम: काम फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरला. गॅरेजमध्ये एअरबॅग काढायला लावू नका, भंगारातली तर चुकूनही बसवू नका. त्या डब्यात स्फोटक आहे. बदलून होईपर्यंत त्यांनी ती गाडी उभीच ठेवलेली बरी.

दोन्ही गाड्यांचे नंबर तपासताना एकाच रिकॉलवर थांबू नका, एका गाडीवर दोन-तीनही असू शकतात. तुमच्या भाच्याने पंपाचा पाहिला, पान खाली सरकवून बाकीचं वाचलं का, ते विचारा. आणि नंबर मोबाइलवरच्या एमपरिवहन या सरकारी ॲपवरून घेऊ नका, तिथे तो अर्धा झाकलेला असतो. आरसीवर किंवा विम्याच्या पॉलिसीवर पूर्ण सतरा अक्षरं-आकडे मिळतील. उतरवताना लक्षात ठेवा, चासिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. आयसारखं दिसलं तर तो एक, आणि ओसारखं दिसलं तर शून्य. भावाला आज रात्रीच फोन करून आरसीचा फोटो मागवा.